वारशांतलें रिव्हॉल्व्हर : वय आणि मोल

घरांतलें वडील माणूस गेलें, कीं दिवसकार्य आटोपल्यावर केव्हां तरी कपाटें उघडलीं जातात. दागिने, जमिनीचे कागद, बँकेचीं पुस्तकें यांची वाटणी कशी करावी हें जाणणारा एखादा तरी मनुष्य प्रत्येक कुटुंबांत असतो. परंतु तळच्या कप्प्यांत, तेलकट फडक्यांत गुंडाळलेलें जुनें रिव्हॉल्व्हर निघालें, म्हणजे सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. हें किती जुनें असेल? याचे किती येतील? हे दोन प्रश्न लागलेच निघतात, आणि त्यांचीं उत्तरें देणारेहि पुष्कळ भेटतात. कोणी म्हणतो, "या जुन्या लोखंडाला कोण विचारतो? मोडींत घाला." कोणी म्हणतो, "अस्सल विलायती माल आहे, हवी ती किंमत येईल." बहुधा दोघांनींहि तें हातांत घेऊन नीट पाहिलेलें नसतें.

श्रोतेहो, आज मला सांगावयाचें आहे तें थोडक्यांत असें : हत्याराचें वय त्याच्या अंगावर लिहिलेलें असतें, त्याचें मोल मात्र बरेंचसें कागदांवर आणि कायद्यांत असतें. वय वाचण्यास डोळे लागतात, मोल ठरविण्यास पुरावा लागतो. आजोबांच्या गोष्टीवरून वय ठरविलें आणि वयावरून किंमत ठरविली, म्हणजे दोन्हीकडे फसगत होते.

परंतु वय आणि मोल यांच्या आधीं कायदा येतो, आणि कायद्याच्याहि आधीं जीव. जुनें हत्यार निकामीच असणार अशा समजुतीनें चाप ओढून पाहण्याची खोड लहानथोर सर्वांना असते. फडक्यांत वीस वर्षें पडून राहिलेलें काडतूस मेलेलेंच असतें असें नाहीं. हत्यार भरलेलें आहे असेंच समजावें, नळीचें तोंड कोणाकडेहि करूं नये, आणि तें उघडून रिकामें करण्याचें काम जाणत्या माणसाकडून करवून घ्यावें.

आतां कायदा. आपल्या देशांत परवाना माणसाला मिळतो, हत्याराला नव्हे. परवानेदार वारला, कीं मुलाच्या किंवा पत्नीच्या हातीं राहिलेलें तें हत्यार बिनपरवाना ठरतें. १८७८ च्या जुन्या शस्त्र-कायद्याच्या जागीं १९५९ चा कायदा आला. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें, ज्या हत्याराचा ताबा कायदेशीर उरला नाहीं तें विनाकारण विलंब न लावतां जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानेदार शस्त्र-विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. जमा केलें म्हणजे गेलें, अशी भीति पुष्कळांना वाटते. ती खरी नाहीं. ठरलेल्या मुदतींत परवाना मिळवून तें परत घेण्याचा, किंवा तें बाळगण्याचा अधिकार असलेल्या माणसास विकून पैसे घेण्याचा हक्क वारसाला राहतो. मात्र मुदत उलटूं दिली, तर तें सरकारजमा होऊं शकतें. तेव्हां 'वर्षश्राद्ध होऊं द्या, मग पाहूं' हा आपला नेहमींचा शिरस्ता या एका वस्तूच्या बाबतींत घातक आहे. ठाण्यावर आधीं वर्दी द्यावी, सांगतील त्या रीतीनें तें पोंचवावें आणि पावती घ्यावी. पावतीवर कारखान्याचें नांव, व्यास आणि क्रमांक लिहिलेला आहे कीं नाहीं हें तेथेंच पाहावें. जमा करण्यापूर्वीं हत्याराच्या दोन्ही बाजूंचीं आणि प्रत्येक ठशाचीं स्वच्छ छायाचित्रें काढून ठेवावींत. पुढच्या सगळ्या विचाराला तींच उपयोगी पडतात.

एवढी सोय करून झाल्यावर आपण वयाकडे वळूं. आपल्याकडील जुन्या घरांत निघणाऱ्या रिव्हॉल्व्हरांपैकीं इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथें झालेलें वेब्ले हें एक ठळक नांव आहे. म्हणून तेंच उदाहरण घेतों. तें ओळखण्यास सोपें आहे. मागच्या बाजूची खटकी आंगठ्यानें दाबली, कीं त्याची नळी बिजागरीवर पुढें खालीं वाकते, आणि मधल्या फिरत्या चक्रांतून रिकामीं काडतुसें एकदम वर उचललीं जातात. ब्रिटिश सरकारनें ०.४५५ इंच व्यासाचें हें हत्यार १८८७ सालीं सैन्यासाठीं पत्करलें. त्या पहिल्या नमुन्यास 'मार्क १' म्हणतात. पुढें थोड्याथोड्या सुधारणा होऊन १८९९ सालीं 'मार्क ४', १९१३ सालीं 'मार्क ५' आणि १९१५ सालीं 'मार्क ६' असे नमुने आले. मार्कचा आंकडा बहुधा चक्राच्या वरच्या पट्टीवर ठोकलेला असतो; लष्करासाठीं केलेल्या 'मार्क ६' वर तर पुष्कळदां सालच घातलेलें सांपडतें.

आंकडा झिजून गेला असला, तरी आकार बोलतो. 'मार्क ५' पर्यंतची मूठ खालीं पक्ष्याच्या चोंचीसारखी वळलेली असते. 'मार्क ६' ची मूठ चौकोनी बुडाची आणि नळी सहा इंच लांबीची असते. म्हणजे सैन्याच्या नमुन्याची चौकोनी मूठ व सहा इंची नळी दिसली, तर तें हत्यार १९१५ पूर्वींचें नाहीं असें धरण्यास हरकत नाहीं. १९२१ पासून १९२६ पर्यंत हाच नमुना एन्फील्ड येथील सरकारी कारखान्यांत होऊं लागला, आणि १९३२ सालीं सैन्यानें ०.३८ व्यासाचें लहान व हलकें रिव्हॉल्व्हर पत्करलें. दुसऱ्या महायुद्धांत वेब्लेनेंहि आपलीं ०.३८ व्यासाचीं रिव्हॉल्व्हरें सैन्यास पुरविलीं. घाईच्या कामामुळें त्यांना पूर्वींसारखी झिलई देतां येईना, म्हणून त्यांपैकीं पुष्कळांवर 'वॉर फिनिश' अशीं अक्षरें ठोकलेलीं आहेत. जणूं कारखानदारानें आपल्या नांवाला बट्टा लागूं नये म्हणून दिलेला तो खुलासाच होय!

दुसरी खूण कारखान्याच्या नांवाची. १८९७ सालीं वेब्ले, स्कॉट आणि एलिस अशा तीन पेढ्या एकत्र झाल्या आणि 'वेब्ले अँड स्कॉट' हें नांव पुढें आलें. तेव्हां नळीवर 'वेब्ले अँड सन' असें असेल तर तें बहुधा १८९७ पूर्वींचें, आणि 'स्कॉट' हें नांव जोडलेलें असेल तर निश्चितपणें त्यानंतरचें.

तिसरी खूण विकणाऱ्या दुकानाची. त्या काळीं ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला आपलें रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशानें विकत घ्यावें लागे. तें सैन्याचें काडतूस उडविणारें असलें म्हणजे झालें. म्हणून पुष्कळ हत्यारांवर कारखान्याबरोबर दुकानाचेंहि नांव कोरलेलें आढळतें. आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी या प्रसिद्ध पेढीनें १८९१ सालीं मुंबईस आपली शाखा उघडली. काळ्या घोड्याजवळ तिच्या नांवाची इमारत अजून उभी आहे. या पेढीनें १९३४ सालीं आपलें नांव बदलून 'आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स' असें केलें. अर्थात् नळीवर 'को-ऑपरेटिव्ह सोसायटी' अशीं अक्षरें असलीं, तर तें १९३४ च्या आधींचें समजावें. एका दुकानाच्या पाटीवरून असा काळाचा एक कांठ सांपडतो.

चौथी खूण परीक्षेच्या ठशांची. इंग्लंडमध्यें कोणतेंहि हत्यार विक्रीस जाण्यापूर्वीं त्यांत नेहमींपेक्षां जोराचें काडतूस उडवून त्याची कसोटी घ्यावी, असा कायदा आहे. हें काम लंडनमध्यें १६३७ सालीं सनद मिळालेला बंदूक-कारागिरांचा संघ करतो, आणि बर्मिंगहॅम येथें १८१३ सालीं स्थापन झालेलें परीक्षागृह करतें. उत्तीर्ण झालेल्या हत्यारावर नळीला आणि चक्राच्या प्रत्येक घराला बारीक ठसा मारतात. बर्मिंगहॅमचा जुना ठसा म्हणजे मुकुटाखालीं एकमेकांवरून गेलेले दोन राजदंड. १९०४ पासून त्याच्या जागीं मुकुटाखालीं 'बी.पी.', 'बी.व्ही.' आणि 'एन्.पी.' अशीं रोमन अक्षरें आलीं. यांतील 'एन्.पी.' हीं अक्षरें हत्यार धूररहित दारूला टिकलें असल्याची साक्ष देतात. तीं नसलेलें हत्यार काळ्या दारूच्या काळचें असूं शकतें, आणि त्यांत आजचें काडतूस घालणें म्हणजे स्वतःच्या हातावर संकट ओढवून घेणें होय. परदेशांत तयार होऊन इंग्लंडमार्गें आलेल्या हत्यारांवर १९२५ पासून १९५५ पर्यंत 'नॉट इंग्लिश मेक' असेंहि ठोकीत असत.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ठसा हत्याराच्या जन्माचाच असतो असें नाहीं. सैन्याचें जुनें हत्यार पुढें कित्येक वर्षांनीं बाजारांत विकावयास काढलें, कीं त्याची पुन्हां परीक्षा होऊन नवा ठसा बसतो. म्हणून एकाच रिव्हॉल्व्हरावर १९१७ हें साल आणि त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं पडलेला ठसा, असें दोन्ही दिसूं शकतें. अशा वेळीं घडण पाहावी. नवा ठसा एवढेंच सांगतो, कीं त्या सालीं तें हत्यार विकलें जात होतें.

पांचवी आणि सर्वांत अधिक फसविणारी खूण म्हणजे पेटंटची तारीख. अमेरिकन हत्यारांवर ती ठळक असते. कोल्ट कंपनीचें १८७३ सालीं निघालेलें प्रसिद्ध सहा-बारी रिव्हॉल्व्हर घ्या. त्याच्या सांगाड्यावर १८७१, १८७२ आणि १८७५ या सालांतल्या पेटंटच्या तारखा आहेत. परंतु तें १९४० पर्यंत तयार होत होतें. १८७१ हा आंकडा वाचून जो मनुष्य 'हें त्या सालचें' असें म्हणतो, तो उत्पादन सुरू होण्याच्याहि आधीं त्या हत्याराचा जन्म लावतो! पेटंटच्या तारखेवरून एवढेंच कळतें, कीं वस्तु त्यापूर्वींची नाहीं.

राहिला क्रमांक. क्रमांकावरून साल काढण्याचीं कोष्टकें प्रसिद्ध आहेत, आणि कोल्ट व स्मिथ अँड वेसन यांच्या जुन्या वह्यांवरून अमुक क्रमांकाचें हत्यार कोणत्या दिवशीं कारखान्यांतून कोणाकडे रवाना झालें, याचें पत्रहि शुल्क भरून मिळतें. स्मिथ अँड वेसनच्या ज्या ०.३८ रिव्हॉल्व्हरांच्या क्रमांकाआधीं 'व्ही' हें अक्षर आहे, तीं १९४२ पासून युद्धासाठीं केलेलीं. तें अक्षर 'व्हिक्टरी' म्हणजे विजय या शब्दाचें. क्रमांकाचें महत्त्व आपल्या देशाच्या इतिहासांतहि दिसलें आहे. १९१४ च्या ऑगस्टमध्यें कलकत्त्याच्या रॉडा कंपनीकडे आलेलीं ५० माउझर पिस्तुलें क्रांतिकारकांनीं पळविलीं. तीं सर्व क्रमांकांचीं होतीं आणि क्रमांकांची नोंद कंपनीच्या दप्तरीं होती. त्यामुळें पुढें जीं हातीं लागलीं तीं त्याच मालांतलीं आहेत हें सांगतां येऊं लागलें.

या सगळ्या खुणा एकत्र केल्या, म्हणजे 'यापूर्वींचें नव्हे' आणि 'यानंतरचें नव्हे' अशा दोन भिंती उभ्या राहतात, आणि हत्यार त्यांच्यामध्यें सांपडतें. एकाच खुणेवर कधींहि विसंबूं नये. चार खुणा एक साल सांगत असतील आणि पांचवी दुसरें, तर ती पांचवी कां वेगळी बोलते याचा शोध घ्यावा. पुष्कळदां तेथेंच बदललेला भाग किंवा खोटें काम उघडकीस येतें.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, सातारा जिल्ह्यांतील एका घरीं अशी गोष्ट चालत आली आहे, कीं पणजोबा पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत होते, कुतच्या वेढ्यांत शेवटपर्यंत लढले, आणि हेंच रिव्हॉल्व्हर कमरेला लावून परत आले. कुतला वेढल्या गेलेल्या सहाव्या पुणें डिव्हिजनमध्यें मराठा पलटणी होत्या, ही गोष्ट इतिहासाला धरून आहे. परंतु तें सैन्य २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेलें आणि वांचलेले लोक युद्धकैदी झाले. शरण गेलेल्या शिपायाच्या कमरेला रिव्हॉल्व्हर कोण राहूं देईल? ही पहिली शंका. मग हत्यार पाहावें, तों तें ०.३८ व्यासाचें आणि त्यावर 'वॉर फिनिश' हीं अक्षरें! म्हणजे ज्या वेढ्याची ती आठवण म्हणावयाची, त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनीं तें जन्मास आलें.

याचा अर्थ पणजोबा खोटें बोलले असा नव्हे. ते कुतला होते हें अक्षरशः खरें असेल. त्यांचें जुनें हत्यार तेथेंच गेलें असेल, आणि हें दुसऱ्या महायुद्धानंतर घरांतल्या दुसऱ्याच कोणी घेतलें असेल. घरांतल्या गोष्टी अशाच एकमेकींत मिसळतात. पणजोबांच्या पराक्रमाचा पुरावा हवा असेल तर तो त्यांच्या पदकांत शोधावा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव आणि पलटण कोरलेली असे. रिव्हॉल्व्हरावर असें नांव क्वचितच असतें.

आतां मोलाकडे येऊं. पहिली गोष्ट स्थितीची. अमेरिकेंतील संग्राहक हत्याराचा मूळ निळसर ओप किंवा निकेलचा मुलामा शेंकडा किती शिल्लक आहे यावरून त्याची प्रत लावतात. येथें 'मूळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. नव्यानें झिलई दिलेलें चकचकीत हत्यार आपल्या डोळ्यांना छान दिसतें. जाणत्याला तें घासून गुळगुळीत केलेल्या शिलालेखासारखें वाटतें. झिलई पुन्हां दिल्याच्या खुणा लपत नाहींत. अक्षरांच्या कडा बोथट होतात, स्क्रूंच्या भोंवतीं खळगे पडतात, सांगाड्याच्या धारा गोल होतात. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि चाप यांना कारखान्यांत सहसा निकेलचा मुलामा देत नसत. तेव्हां त्या दोहोंवर निकेल चमकत असेल तर पुढें कोणीतरी हात फिरविला आहे असें समजावें.

म्हणून माझी हात जोडून विनंति अशी, कीं विकण्यापूर्वीं तें 'स्वच्छ' करूं नका. पॉलिश-कागद, चिंच, पितळ उजळण्याचें पॉलिश यांपैकीं कांहींहि लावूं नका. शंभर वर्षांनीं आलेला तपकिरी रंग एका दुपारीं निघून जातो, आणि त्याच्याबरोबर किंमतीचा मोठा भाग निघून जातो. ताबा कायदेशीर असेल तर मऊ फडक्यावर थोडें तेल घेऊन वरून पुसावें, एवढेंच पुरें.

दुसरी गोष्ट अस्सलपणाची. सांगाडा, नळी आणि चक्र यांवरील क्रमांक एकमेकांशीं जुळतात का? न जुळल्यास तें दोन-तीन हत्यारें मोडून जोडलेलें असूं शकतें. वेब्लेचीं 'मार्क ६' रिव्हॉल्व्हरें दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत मोठ्या संख्येनें विकलीं गेलीं. तेथें ०.४५५ चें काडतूस सहज मिळेना, म्हणून व्यापाऱ्यांनीं चक्रांची मागची बाजू तासून त्यांत अमेरिकन ०.४५ चें पिस्तुलाचें काडतूस बसेल असें केलें. त्या वेळीं ती सोय वाटली. आज न तासलेलें हत्यार संग्राहक अधिक किंमतीला घेतात, आणि तासलेल्यांत मूळ नमुन्याला न झेपणाऱ्या जोराचें काडतूस वापरलें जाण्याचा धोका राहतो तो निराळाच.

तिसरी गोष्ट पूर्वपीठिकेची, म्हणजे हत्यार कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेलें त्याच्या लेखी सांखळीची. दोन प्रसिद्ध लिलांव पाहा. अमेरिकेंतील बिली द किड या दरोडेखोरास १४ जुलै १८८१ रोजीं शेरीफ पॅट गॅरेट यानें ज्या कोल्ट रिव्हॉल्व्हरानें मारिलें, तें २०२१ सालीं ६० लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. तसल्या नमुन्याचीं कोल्ट रिव्हॉल्व्हरें लाखांनीं तयार झालीं होतीं. किंमत पोलादाची नव्हती. गॅरेटच्या कुटुंबापासूनचा त्या एका हत्याराचा माग कागदोपत्रीं लावतां येत होता, त्याची ती किंमत. दुसरें उदाहरण पॅरिसचें. १९६५ च्या सुमारास ओव्हेर या गांवच्या शेतांत एका शेतकऱ्यास गंजून गेलेलें लफोशे जातीचें लहान रिव्हॉल्व्हर सांपडलें. चित्रकार व्हॅन गॉग यानें १८९० सालीं त्याच परिसरांत स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. जागा, व्यास आणि जमिनींत पडून राहिल्याचा काळ हीं त्या घटनेशीं जुळतात एवढ्यावर तें २०१९ सालीं १ लाख ६२ हजार ५०० युरोंना विकलें गेलें. ओप शून्य, यंत्र निकामी, आणि संबंध केवळ संभाव्य. तरीहि ही किंमत! पण नुसत्या तोंडी गोष्टीवर ती आली नाहीं. सांपडल्याची जागा आणि गंजाची तपासणी यांचा तिला आधार होता.

आपल्या घरीं अशी ऐतिहासिक वस्तु निघणें विरळाच. परंतु तत्त्व तेंच. जुना परवाना, दुकानाची पावती, गणवेशांतलें छायाचित्र, पेन्शनचा कागद, हे सर्व हत्याराबरोबर एकत्र ठेवावेत. १८७८ च्या कायद्याखालीं मिळालेला जीर्ण परवाना रद्दींत टाकणें म्हणजे हत्याराची जन्मपत्रिका फाडून टाकण्यासारखें आहे.

चौथी गोष्ट कायद्याची, आणि ती किंमतीवर सर्वांत अधिक परिणाम करते. एकच वेब्ले तीन देशांत तीन प्रकारचें मोल धारण करतें. अमेरिकेंत १९६८ च्या कायद्यानें १८९८ किंवा त्यापूर्वीं केलेल्या हत्याराला पुराणवस्तु मानून बरेचसे निर्बंध दूर ठेवले आहेत. म्हणून तेथें एका वर्षाच्या अंतरानेंहि किंमत बदलते. ज्या इंग्लंडमध्यें तें जन्मलें, तेथें १९९६ सालीं डनब्लेनच्या शाळेंत झालेल्या हत्याकांडानंतर १९९७ च्या कायद्यांनीं सामान्य नागरिकास अशीं हत्यारें बाळगणें जवळजवळ बंद केलें. आणि आपल्याकडे गेल्या शतकांतील १९८० नंतरच्या दशकांत खासगी व्यक्तींना परदेशी हत्यारांची आयात बंद झाली. नवीन विलायती रिव्हॉल्व्हर येत नाहीं. म्हणून देशांत जें आहे त्यासच मागणी.

यामुळें आपल्या बाजारांत एक चमत्कारिक गोष्ट घडते. येथील बहुतेक गिऱ्हाईक संग्राहक नसतें. त्याला चालणारें, परवान्यांत बसणारें हत्यार हवें असतें. म्हणून ०.३२ व्यासाचें साधें विलायती रिव्हॉल्व्हर भारी किंमतीला जातें, आणि त्याहून जुनें, इतिहासदृष्ट्या अधिक मोलाचें, परंतु सैन्याच्या व्यासाचें हत्यार पडून राहतें. कारण सैन्याच्या कांहीं व्यासांचीं हत्यारें निषिद्ध वर्गांत मोडतात आणि तीं घेणारा सहजीं मिळत नाहीं. जुनें तितकें महाग, हा नाण्यांचा किंवा पैठणीचा नियम येथें लागूं पडत नाहीं. आपलें हत्यार कोणत्या वर्गांत येतें हें परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून आधीं विचारून घ्यावें. परदेशांत अधिक किंमत येते म्हणून तिकडे पाठविण्याचा विचारहि करूं नये. शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तु खासगी व्यक्तीस निर्यात करण्यास १९७२ च्या कायद्यानें बंदी आहे, आणि हत्याराच्या निर्यातीचे निर्बंध आणखी वेगळे.

आतां प्रत्यक्ष विक्री. २०१६ च्या शस्त्र-नियमांप्रमाणें वारसाला स्वतःच्या नांवें परवान्याचा अर्ज करतां येतो. इतर वारसांची लेखी संमति आधींच घेऊन ठेवावी, म्हणजे पुढें भाऊबंदकी होत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवानेदाराला दोनच बंदुका-पिस्तुलें ठेवतां येतात, आणि वारशानें आलेलेंहि त्याच दोहोंत मोजलें जातें. ज्याच्याजवळ आधींच दोन आहेत, त्याला तिसऱ्याचा मोह सोडलाच पाहिजे. विकावयाचें झाल्यास घेणारा परवानेदार किंवा परवानेदार विक्रेता असला पाहिजे. खासगी विक्रीचा इरादा जिल्हा-दंडाधिकाऱ्यास किंवा ठाण्याच्या अधिकाऱ्यास लेखी कळवून ४५ दिवस जाऊं द्यावे लागतात. हे ४५ दिवस कटकटीचे वाटतात खरे. पण विकणाऱ्याला ते उपकारकच आहेत. तेवढ्यांत दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी अंदाज घेतां येतात. पहिल्याच दुकानदारानें 'आजच द्याल तर एवढे' असें म्हटलें, तर कायद्याचें निमित्त सांगून शांतपणें घरीं यावें.

फसगत होते ती बहुधा अशाच घाईच्या क्षणीं. घरचा कर्ता गेलेला असतो, कागद कोणाला वाचतां येत नाहींत, ठाण्याची भीति वाटत असते. अशा वेळीं विधवा पत्नी किंवा परगांवीं राहणारा मुलगा 'एकदां हें घरांतून जाऊं दे' म्हणून मिळेल त्या किंमतीला होकार देतो. ज्याच्या हातीं पावती आहे, छायाचित्रें आहेत, आणि आपलें हत्यार कोणत्या सालांच्या दरम्यानचें हें ज्याला सांगतां येतें, त्याला कोणी सहसा फसवीत नाहीं.

आणि विकावयाचें नसेल तर? हत्यार जुन्या धर्तीचें असून दुरुस्तीनेंहि चालण्यासारखें राहिलें नसेल, तर कायद्याच्या ४५ व्या कलमांत अशा वस्तूंना सूट आहे. मात्र तें तसें आहे कीं नाहीं हें आपण ठरवूं नये, अधिकाऱ्यांकडून ठरवून घ्यावें. कांहींहि करावयाचें ठरलें तरी क्रम मात्र एकच ठेवावा : आधीं जीव, मग कायदा, मग वय, मग अस्सलपणा, आणि सर्वांच्या शेवटीं किंमत. आपण नेमका उलटा क्रम धरतों. किंमत प्रथम विचारतों, आणि जीव व कायदा यांची आठवण आपल्याला सर्वांच्या शेवटीं होते.